वही चौकात, नाव कपाटात: क्रिप्टोचा हिशेब नेमका किती गुप्त?

इंदूरमधल्या एका मोठ्या ग्राहकसेवा कार्यालयात एक महिला कर्मचारी कामाच्या संगणकाच्या पडद्याचे फोटो स्वतःच्या मोबाइलने काढताना पकडली गेली. रॉयटर्स वृत्तसंस्थेने जून २०२५ मध्ये ही बातमी दिली. कार्यालय टास्कअस या कंपनीचे. तिथे काम चालायचे ते अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजचे, म्हणजे कॉइनबेसच्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्याचे. जानेवारी २०२५ मध्ये इंदूरच्या या कार्यालयातल्या दोनशेहून अधिक लोकांना एकदम घरी बसवले गेले, तेव्हा ती साधी नोकरकपात वाटली होती. खरे कारण मे महिन्यात उघड झाले.

१५ मे २०२५ रोजी कॉइनबेसने जाहीर केले, की परदेशातल्या काही ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांना लाच देऊन चोरट्यांनी ग्राहकांची माहिती मिळवली आहे आणि गप्प बसण्यासाठी २ कोटी डॉलर मागितले आहेत. कंपनीने खंडणी दिली नाही. उलट तेवढ्याच रकमेचे बक्षीस चोरांना पकडून देणाऱ्यासाठी लावले. माहिती गेलेल्या ग्राहकांची संख्या निघाली ६९,४६१. डिसेंबर २०२५ मध्ये हैदराबाद पोलिसांनी एका माजी ग्राहकसेवा कर्मचाऱ्याला अटक केल्याचे कॉइनबेसचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी सांगितले.

काय गेले आणि काय गेले नाही, हे इथे नीट बघायला हवे. पासवर्ड गेले नाहीत. ज्या गुप्त चावीने नाणे खर्च करता येते ती चावीही गेली नाही. गेले ते नाव, पत्ता, फोन नंबर, सरकारी ओळखपत्राचा फोटो, खात्यावरची शिल्लक आणि व्यवहारांची यादी. म्हणजे तिजोरी शाबूत राहिली, पण कुणाच्या तिजोरीत किती आणि ते घर कुठे, हे बाहेर पडले. मग चोरट्यांनी 'कॉइनबेसमधून बोलतोय' असे सांगून लोकांना फोन केले. समोरचा माणूस शिल्लक आणि शेवटचा व्यवहार बिनचूक सांगतोय म्हटल्यावर विश्वास बसणारच. अनेकांनी स्वतःच्या हाताने नाणी चोरांकडे पाठवली. या सगळ्याचा खर्च १८ ते ४० कोटी डॉलरपर्यंत जाईल, असा कंपनीचाच तेव्हाचा अंदाज होता.

आता प्रश्न असा, की 'क्रिप्टो म्हणजे गुप्त पैसा, बँक नाही, नाव नाही, सरकारलाही पत्ता लागत नाही' असे जे पानपट्टीपासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत ऐकू येते, त्याचे काय? ते अर्धे खोटे आहे. आणि जे अर्धे खरे आहे, तेही लोक समजतात त्या बाजूने खरे नाही.

उतारा सगळ्यांना दिसतो

ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे चटकन कळेल. महाराष्ट्रात सातबारा, कर्नाटकात आरटीसी. गावाकडे दोन्हींना उताराच म्हणतात. गट नंबर किंवा सर्व्हे नंबर माहीत असला, की कुणाचाही उतारा कुणीही ऑनलाइन बघू शकतो. बिटकॉइनची वही अशीच आहे, फक्त उताऱ्यावर नावाच्या जागी अक्षर-आकड्यांची एक लांबलचक माळ असते. तिला पत्ता म्हणतात. कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर, किती आणि कधी गेले, हे ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या नोंदीपासून आजपर्यंत जसेच्या तसे आहे. कुणालाही बघता येते. फी नाही, अर्ज नाही. आणि एकही ओळ खोडता येत नाही.

वही अशी उघडी ठेवण्यात मुद्दाम केलेला विचार आहे. बँकेत शिल्लक खरी आहे की नाही हे बँक सांगते आणि आपण मानतो. बिटकॉइनला बँकच नको होती. मग तेच नाणे कुणी दोन ठिकाणी खपवले नाही, हे बघणार कोण? उत्तर असे काढले, की सगळ्यांनीच बघायचे. प्रत्येकाकडे वहीची प्रत, आणि प्रत्येकाला मागची प्रत्येक नोंद तपासता येते. विश्वास ठेवू नका, पडताळा, हे या मंडळींचे आवडते वाक्य त्यातूनच आले. म्हणजे इथला विश्वास मुळात उघडेपणावर उभा आहे. खासगीपण त्यात नंतर बसवायचे आहे, आणि ते बसवताना सगळ्यांची दमछाक झाली आहे.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ऑक्टोबर २००८ मध्ये आलेल्या नऊ पानी निबंधात खासगीपणावर एक छोटा भाग आहे. पत्ता कुणाचा हे कळू देऊ नका, आणि दर व्यवहाराला नवा पत्ता वापरा, असा त्यातला सल्ला. त्याच ठिकाणी एक कबुलीही आहे, की काही धागे जुळणारच.

ते कसे जुळतात? समजा एका माणसाकडे दोन पत्ते आहेत. एकावर ०.३ बिटकॉइन, दुसऱ्यावर ०.५. त्याला कुणाला तरी ०.७ द्यायचे आहेत. एका पत्त्यातून भागत नाही, म्हणून दोन्ही एकाच व्यवहारात लावावे लागतात. बघणाऱ्याला लगेच कळते, की हे दोन्ही पत्ते एकाच खिशातले. शिवाय उरलेले ०.१ सुट्टे म्हणून तिसऱ्या पत्त्यावर परत येतात, तोही त्याचाच. एका खरेदीत तीन पत्ते एका माणसाच्या नावाने बांधले गेले. असे हजारो व्यवहार संगणकाला लावले, की गाठोडी तयार होतात. हेच काम करणाऱ्या कंपन्या आहेत, आणि पोलीस, करखाते, एक्स्चेंज हे त्यांचे गिऱ्हाईक.

मग गाठोड्यातल्या एका, फक्त एका पत्त्याला नाव चिकटले, की सगळे उघडे. मागचेही आणि पुढचेही. निपाणीचा एखादा पोरगा परदेशी कंपनीची वेबसाइट करून देतो आणि मोबदला बिटकॉइनमध्ये घेतो असे धरा. पैसे देणाऱ्याला त्याचा पत्ता कळला. पोरगा तोच पत्ता सगळीकडे वापरत असेल, तर बाकी कुणाकडून किती घेतो, किती साठवले, कधी मोडले, सगळे त्या कंपनीला दिसणार. पुढच्या वेळी दर ठरवताना ती हे विसरेल काय? चहाचे दहा रुपये दिले आणि चहावाल्याला आपले अख्खे पासबुक दिसले, असला हा प्रकार आहे.

गुन्हेगारांना ही गोष्ट फार महागात पडली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले. चोराने ते हजारो व्यवहारांतून फिरवले. तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका जोडप्यापर्यंत तपास पोहोचला आणि सुमारे ९४ हजार बिटकॉइन जप्त झाले. त्याआधीचे एक प्रकरण तर अजब आहे. सिल्क रोड हा अमली पदार्थांचा ऑनलाइन बाजार २०१३ मध्ये बंद पाडला गेला. त्या तपासातल्या दोन सरकारी अधिकाऱ्यांनीच बिटकॉइन स्वतःकडे वळवले होते. तेही वहीतल्या नोंदींवरूनच सापडले आणि २०१५ मध्ये दोघांना तुरुंगवासाची शिक्षा झाली.

कपाटाची चावी कुणाकडे?

वहीत नाव नाही, मग नाव असते कुठे? एक्स्चेंजच्या कपाटात. भारतात रुपये देऊन क्रिप्टो घ्यायचे म्हटले की पॅन, आधार, बँक खाते, सेल्फी हे सगळे द्यावे लागते. ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने हा धंदा मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आला. एक्स्चेंजना केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी आणि संशयास्पद व्यवहारांची खबर देणे बंधनकारक झाले. त्याआधीच, १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस लागू झाला होता. टीडीएसचा अर्थ सरळ आहे. कर थोडा, माग पक्का.

सरकारची बाजू लंगडी नाही. दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवणाऱ्या गेनबिटकॉइन योजनेत महाराष्ट्रातल्या लोकांचे पैसे गेले, पुण्यात आणि नांदेडात गुन्हे दाखल झाले. माग ठेवला नसता तर तेवढाही तपास झाला नसता. पण याच प्रकरणाचे पुढचे पानही वाचायला हवे. पुणे पोलिसांनी तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच मार्च २०२२ मध्ये अटक झाली. तपासात हाती लागलेल्या माहितीचा वापर करून क्रिप्टो वळवल्याचा आरोप त्यांच्यावर आहे. कुंपणानेच शेत खाल्ल्याचा हा आरोप आहे, आणि नेमका इथेच सगळा पेच अडकतो.

कारण कपाटे वाढतात तसे त्यांच्या चाव्या हाताळणारे हातही वाढतात. लेजर ही फ्रेंच कंपनी क्रिप्टोच्या चाव्या जपण्यासाठी पेनड्राइव्हसारखे यंत्र विकते. सुरक्षेसाठी जागरूक असणारी माणसेच ते विकत घेतात. २०२० मध्ये त्या कंपनीच्या विक्रीखात्याची माहिती फुटली आणि डिसेंबरमध्ये सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावे, घरचे पत्ते, फोन नंबर जाहीरपणे इंटरनेटवर टाकले गेले. यंत्रात काही दोष नव्हता. कुरिअरसाठी दिलेला पत्ताच घातक ठरला. काही ग्राहकांच्या घरी पुढे हुबेहूब दिसणारी बनावट यंत्रे पोस्टाने येऊ लागली.

फोनवरची फसवणूक हा त्यातला सौम्य प्रकार. जानेवारी २०२५ मध्ये याच लेजरच्या एका सहसंस्थापकाचे फ्रान्समध्ये अपहरण झाले आणि खंडणीसाठी त्यांचे बोट कापले गेले. पोलिसांनी सुटका केली. ते मूळचेच प्रसिद्ध होते, त्यांचा पत्ता यादीतून मिळाला असे नाही. पण श्रीमंती आणि घर या दोन गोष्टी एकत्र कळल्या की काय होते, ते यातून दिसते. बँक दरोड्यातला पैसा बँकेचा असतो. इथे चावी माणसाच्या डोक्यात किंवा घरातल्या कागदावर, म्हणून दरोडाही माणसावरच. शिवाय एकदा पाठवलेले नाणे कुठलाही मॅनेजर परत फिरवू शकत नाही.

या भागात पिग्मी एजंटाला गल्लीतल्या बऱ्याच जणांची शिल्लक ठाऊक असते. कुणाचे लग्न ठरले, कुणी खाते मोडले, सगळे. तरी लोक बिनघोर असतात, कारण तो गल्लीतलाच असतो आणि उद्या पुन्हा त्याच दारात त्याला उभे राहायचे असते. अमेरिकेतल्या ग्राहकाची शिल्लक पडद्यावर बघणाऱ्या इंदूरच्या कर्मचाऱ्याचे तसे काहीच नाते नाही. तुटपुंज्या पगारावर रात्रपाळी करणाऱ्याला अनोळखी माणसांची लाखो डॉलरची खाती दिवसभर उघडून द्यायची आणि वर फक्त कराराच्या कागदावर विसंबायचे, ही रचना ज्यांनी केली त्यांचा दोष फोटो काढणाऱ्यापेक्षा कमी धरता येत नाही.

सगळेच झाकले तर?

वहीच झाकून टाकण्याचे प्रयत्नही झाले. २०१४ मध्ये आलेल्या मोनेरोत पैसे देणाऱ्याची सही इतर अनेकांच्या सह्यांत मिसळून टाकली जाते, घेणाऱ्यासाठी दर वेळी नवा एकवार पत्ता तयार होतो, आणि २०१७ पासून रक्कमही दिसत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेल्या झीकॅशने वेगळी वाट धरली. व्यवहार नियमात बसतो एवढे गणिताने सिद्ध करायचे, तपशील दाखवायचा नाही. जन्मतारीख न दाखवता वय अठराच्या वर आहे हे पटवून देण्यासारखे.

छान वाटते. पण किंमत आहे. बिटकॉइनमध्ये एकूण नाणी किती, हे कुणीही मोजू शकतो. रक्कमच झाकली तर खोटी नाणी पाडली गेली नाहीत हे कशावरून? ही शंका पुस्तकी नाही. मार्च २०१८ मध्ये झीकॅशच्याच एका तज्ज्ञाला मूळ गणितात अशी चूक सापडली, की ती कळलेल्याला हवी तेवढी खोटी नाणी तयार करता आली असती आणि कुणाला दिसलीही नसती. मोजक्या लोकांनी ती गुप्त ठेवली, ऑक्टोबर २०१८ मध्ये सुधारणेत गुपचूप दुरुस्त केली आणि ५ फेब्रुवारी २०१९ रोजी जगाला सांगितली. गैरफायदा घेतल्याचा पुरावा मिळाला नाही, असे कंपनी म्हणाली. म्हणजे 'विश्वास ठेवू नका, पडताळा' म्हणणाऱ्यांना अकरा महिने चार-सहा माणसांवर विश्वास ठेवावा लागला, तोही त्यांना न सांगता.

टोर्नेडो कॅशची कथा याहून गुंतागुंतीची. इथरियमवरचा हा प्रोग्राम म्हणजे एक हौद. सगळ्यांनी सारख्या रकमा टाकायच्या, नंतर वेगळ्या पत्त्यावर काढायच्या. कुणाची कोणती ते कळत नाही. उत्तर कोरियाच्या हॅकरांनी त्यातून चोरीचा पैसा धुतला म्हणून ८ ऑगस्ट २०२२ रोजी अमेरिकेने त्यावर निर्बंध घातले. त्या वेळी इथरियमचे जनक विटालिक ब्युटेरिन यांनी सांगितले, की युक्रेनला देणगी देताना आपण तोच वापरला होता. देणगी घेणाऱ्याचे नाव रशियाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून. नोव्हेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयाने कुणाच्याही मालकीचा नसलेला प्रोग्राम ही 'मालमत्ता' होत नाही असे ठरवले, आणि मार्च २०२५ मध्ये निर्बंध उठले. तरी तो लिहिणारे सुटले नाहीत. एकाला नेदरलँड्समध्ये २०२४ साली पाच वर्षे चार महिन्यांची शिक्षा झाली, दुसऱ्याला ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने एका आरोपात दोषी धरले.

खिडकीला पडदा लावणारा प्रत्येक जण चोर नसतो, हे कुणीही मान्य करील. पण तोच पडदा चोराच्याही उपयोगाचा, हेही तितकेच खरे. यावर कुठल्याच देशाला अजून पटेल असे उत्तर सापडलेले नाही.

ग्राहक उघडा, कंपनी झाकलेली

यातला सगळ्यात खटकणारा भाग हा, की उघडेपणा ग्राहकाच्या वाट्याला येतो आणि झाकपाक एक्स्चेंजच्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स बुडाले तेव्हा ग्राहकांचे सुमारे ८०० कोटी डॉलर जागेवर नव्हते. वही जगाला दिसत होती, पण एफटीएक्सचे आतले खाते वहीत नव्हतेच. ते कंपनीच्या संगणकावर होते. एक्स्चेंजवरचे नाणे विकत घेतले की बहुतेक वेळा साखळीवर काहीच हलत नाही, फक्त कंपनीच्या खतावणीत एक आकडा बदलतो. पतसंस्थेच्या पासबुकात लिहिलेली शिल्लक आणि तिजोरीतली रोकड यांत जो फरक, तोच इथे.

त्यानंतर 'साठ्याचा पुरावा' देण्याची पद्धत रुळली. कंपनी आपले पत्ते जाहीर करते, म्हणजे तिजोरी दिसते. ग्राहकांच्या शिल्लकांचे मात्र नाव न दाखवता संकेतांक करतात, दोन-दोन संकेतांक जोडत वर जात शेवटी एकच उरतो आणि तो छापतात. प्रत्येक ग्राहकाला आपली शिल्लक त्या बेरजेत धरली आहे का, हे तपासता येते; शेजाऱ्याची दिसत नाही. कल्पना चांगली आहे. मात्र कंपनीने बाहेरून किती कर्ज घेतले आहे, ते त्यात येत नाही. आणि साठा आज आहे म्हणजे उद्याही असेल, असेही नाही. मुंबईच्या वझीरएक्सने जून २०२४ च्या साठ्याच्या अहवालात सुमारे ५० कोटी डॉलर दाखवले होते. १८ जुलै २०२४ रोजी त्यातले २३ कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे सुमारे दोन हजार कोटी रुपये, एका फटक्यात गेले. त्या तिजोरीला सहा सह्यांची सोय होती, पाच वझीरएक्सच्या, एक लिमिनल या सुरक्षा कंपनीची. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवले. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने जानेवारी २०२५ मध्ये ही चोरी उत्तर कोरियाच्या नावावर टाकली. ग्राहकांचे क्रिप्टो सव्वा वर्ष अडकले, सिंगापूरच्या न्यायालयाने योजना मंजूर केल्यावर २४ ऑक्टोबर २०२५ रोजी व्यवहार पुन्हा सुरू झाले.

ज्यांनी थोडेफार क्रिप्टो घेतले आहे त्यांच्यासाठी एवढे: फोन करणाऱ्याला शिल्लक माहीत आहे, पॅनचे शेवटचे आकडे माहीत आहेत, म्हणून तो कंपनीचाच असे समजू नये, ती माहितीच बाजारात विकली जाते. कोणतीही खरी कंपनी 'सुरक्षित वॉलेटमध्ये पैसे हलवा' असे फोनवर सांगत नाही, आणि बारा किंवा चोवीस शब्दांची चावी कुणालाच लागत नाही. फोन ठेवावा, ॲप स्वतः उघडून बघावे. किती नाणी आहेत याचा स्क्रीनशॉट स्टेटसला लावू नये. घेणाऱ्याला दर वेळी नवा पत्ता द्यावा, बहुतेक वॉलेट तो आपोआप देतात. आणि फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर त्याच तासात फोन करावा. रुपये अजून बँकेच्या वाटेवर असतील तर ते गोठवता येतात. क्रिप्टो होऊन बाहेर गेले, की ते कुठे चालले आहेत हे सगळ्यांना दिसते, पण थांबवता येत नाहीत.